मागच्या सीटपर्यंत न पोहोचलेला गारवा

मित्रांनो, माझे अंग काळे आणि छप्पर हिरवे आहे. आमच्या मुलखात एवढे पाहिले की शेंबडे पोरही सांगते, ही टॅक्सी. वाले सेको या गावची मी एकुलती एक टॅक्सी. माझ्याआधी एक होती, तिला मी पाहिलेले नाही. माझ्यानंतर कोणी येईल असे वाटत नाही, कारण गावात आता माणसेच फारशी उरलेली नाहीत. जी आहेत त्यांनी मला नेहमी चांगले म्हटले. तरीही मी जे सांगणार आहे, ते चांगले नाही. तुम्ही लहान आहात, पण उद्या तुम्हीही कुणालातरी गाडीत बसवून नेणार आहात. म्हणून सांगते.

माझा जन्म खूप दूर, उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे उन्हाळ्यातही माणसे स्वेटर घालून कामावर येत. माझे पत्रे जोडले, रंग दिला आणि शेवटी माझ्या पोटात थंड हवेचे यंत्र बसवले. बसवणारा माणूस शेजारणीला म्हणाला, "हिला कशाला हवाय एसी? इथे तर दात वाजतायत." ती म्हणाली, "ही दक्षिणेला चाललीय, आलेन्तेजो प्रांतात. तिकडे दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही म्हणे."

त्या यंत्राविषयी थोडे सांगते, कारण पुढचे सारे त्याच्यापाशीच येऊन थांबते. इंजिनाच्या बाजूला कॉम्प्रेसर असतो. तो गॅस दाबतो. दाबल्याने तापलेला गॅस माझ्या नाकाच्या आतल्या जाळीत येतो आणि वारा लागून निवतो. मग आतल्या बाजूला त्याच्यावरचा दाब सुटतो आणि तो इतका गार होतो, की त्याच्यावरून गेलेली हवाही गार होऊन माणसांपर्यंत पोहोचते. मी पळत असले की जाळीला वारा आपोआप मिळतो. मी उभी राहिले की जाळीमागचा पंखा तो ओढून आणतो. यातले काहीही बिघडले, तरी आत बसलेल्याला एवढेच कळते, की आज जरा उकडते आहे.

मला न्यायला फिर्मिनो काएइरो आला, सोबत त्याची बायको एर्सिलिया. फिर्मिनो आडव्या बांध्याचा, कमी बोलणारा. त्याचा बाप आणि आजा दोघेही मोठ्या जमीनदारांच्या शेतात गहू कापत. "आमच्या घरात ऊन लागून कोणी मेलं नाही," असे तो अभिमानाने सांगे. एर्सिलियाने मात्र पहिल्याच दिवशी हवेच्या झरोक्याला तोंड लावले आणि ओरडली, "अगं बाई! हे तर फ्रीजमध्ये बसल्यासारखं आहे. फिर्मिनो, ऑगस्टभर मी इथंच राहणार. जेवण हवं असेल तर इथं येऊन जेव."

ती माझी सुखाची वर्षे होती. मी नवऱ्या मुलींना चर्चमध्ये नेले. एका बाईला तर दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचवले आणि मुलगी माझ्यातच जन्मली. फिर्मिनोने दोन दिवस मला धुतले आणि दोन्ही दिवस तो हसत होता. भर दुपारी दार उघडून आत बसणारा प्रत्येक जण "आहाहा" म्हणे. तो "आहाहा" ऐकला की फिर्मिनोची मान ताठ होई, जणू तो गारवा त्यानेच फुंकून काढला होता.

पुढे गावातली तरुण मंडळी लिस्बनला गेली, काही त्याच्याही पलीकडे गेली. लग्ने थांबली. गावातला दवाखाना बंद झाला. मग माझे काम म्हणजे म्हाताऱ्यांना एव्होरा शहरातल्या दवाखान्यांत नेणे आणि परत आणणे. त्यातले दोघे तर दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी ठरलेले. दोघांचीही मूत्रपिंडे निकामी झाली होती. डायलिसिसच्या केंद्रात त्यांना यंत्राला जोडत, रक्त थोडे थोडे बाहेर काढून, धुवून परत आत घालत. एक खेप चुकली तर चालत नसे. दोन चुकल्या तर जिवावर बेते.

त्यातली एक झुल्मिरामावशी. तिने जन्मभर गावची भट्टी चालवली होती. सगळे गाव तिच्या हातचा पाव खाऊन मोठे झाले होते, फिर्मिनोसुद्धा. दुसरा आन्सेल्मो, रेल्वे फाटकावरचा जुना गेटमन. रेल्वे बंद झाली, फाटक गेले, पण ओरडायची सवय गेली नाही. त्याचे पाय लांब, म्हणून तो पुढे बसे. मावशीला उपचारानंतर आडवे व्हावेसे वाटे, म्हणून मागची अख्खी सीट तिची.

"फिर्मिनो, ही टॅक्सी आहे की झुल्मिराची भट्टी?" या खेपांच्या तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात आन्सेल्मोने विचारायला सुरुवात केली.

"माझ्या भट्टीला नावं ठेवू नकोस," मागून मावशी म्हणे. "तिच्यातून निदान पाव तरी बाहेर पडायचा. तुझ्या फाटकातून तर गाडीसुद्धा वेळेवर गेली नाही कधी."

माझा बिघाड एका दिवसात झाला नाही, मित्रांनो. कापणीच्या दिवसांत फिर्मिनो शेतांमधल्या कच्च्या वाटेने मला काढी, लवकर पोहोचावे म्हणून. पुढे कापणी यंत्र, मागे मी. उडालेला भुसा आणि धूळ माझ्या जाळीच्या बारीक पापुद्र्यांत जाऊन बसे. त्यावर किडे आपटत, त्यावर पुन्हा धूळ बसे. हळूहळू जाळी सारवलेल्या अंगणासारखी बुजली. आत हवा गाळणारा एक फिल्टर असतो. तोही त्याच धुळीने इतका भरला, की झरोक्यांतून वाऱ्याऐवजी नुसता उसासा येई. एका नळीच्या सांध्यातले रबर वाळले आणि तिथून गॅस गुपचूप निसटू लागला. सांध्यापाशी तेलकट ओल दिसत होती. वाकून पाहिले असते, तर कुणालाही दिसली असती.

फिर्मिनोने पाहिले नाही असे नाही. तो मला मेहुण्याकडे घेऊन गेला. एर्सिलियाचा भाऊ लिओनेल शेजारच्या गावी टायरचे दुकान चालवी. त्याच्याकडे गॅस भरायचे यंत्र होते.

"गॅस कमी झालाय," लिओनेल म्हणाला. "गाडीलाही तहान लागते, माणसासारखी. पाज आणि विसर."

गॅस भरला की काही आठवडे मी पुन्हा गार होई. मग पुन्हा तेच. मग पुन्हा लिओनेल. दरवेळी तो हसत पाजे आणि फिर्मिनो हसत विसरे. गॅस का कमी होतो, हे दोघांनीही विचारले नाही.

शेवटी लिओनेल एकदा म्हणाला, "शहरात मोठ्या गॅरेजला टाक एकदा. पण ते दोन-तीन दिवस ठेवून घेतील हां."

"दोन-तीन दिवस?" फिर्मिनो म्हणाला. "आणि मावशीला काय पाठीवर घेऊन जाऊ? आन्सेल्मोला खांद्यावर?"

त्यावर लिओनेल पुन्हा आपल्या टायरकडे वळला. फिर्मिनोला आपलेच कारण फार पटले. ते खोटेही नव्हते. पण मित्रांनो, खऱ्या कारणाआडही माणूस आरामात लपून बसतो.

याच सुमारास जाळीमागचा पंखा मेला. माझ्याकडे दोन पंखे आहेत. इंजिनाला सांभाळणारा चालू होता, एसीसाठीचा जळाला. तो गेल्याचे कुणाच्या लक्षातही आले नाही, कारण आमच्या सपाट मुलखात गाडी थांबतेच कुठे? रस्ता सरळ, माणूस नाही, सिग्नल नाही. मी धावत असे आणि भुशातून जेवढा शिरेल तेवढा वारा जाळीला मिळे. मी कधी फार वेळ उभी राहिले, तर काय होईल, हा प्रश्न आलाच नव्हता.

पुढच्या झरोक्यांची थोडी गार हवा फिर्मिनोच्या मनगटांवर येई. तो हात फिरवून पाही आणि म्हणे, "ठीक आहे की." मागे काहीच पोहोचत नसे. मावशीच्या ब्लाउजची पाठ माझ्या सीटला चिकटे. उतरताना ती अलगद सोडवून घ्यावी लागे.

"मावशी, मागे गार लागतंय ना?" तो आरशात पाहून विचारी.

"अरे, बंद कर ते," ती म्हणे. "मला सोसत नाही तो गार वारा. सांधे धरतात. चाळीस वर्षं भट्टीपुढं उभी राहिलेली बाई मी, मला काय ऊन लागतंय!"

आणि तो बंद करी. अगदी आज्ञाधारक मुलासारखा, आणि जरासा सुटल्यासारखाही.

एके दिवशी फिर्मिनो मावशीची औषधे आणायला उतरला. दोघे माझ्यात थांबले. आन्सेल्मो मागे वळून म्हणाला, "झुल्मिरा, खोटं का बोलतेस? घामाने निथळतेयस नुसती. सांग त्याला. मी सांगितलं की त्याला वाटतं, म्हातारा किरकिर करतोय."

मावशीने रुमालाने गळा पुसला. "कसं सांगू? हाताला धरून पायऱ्या चढवतो तो मला. पोटचा मुलगा तीन वर्षांत फिरकला नाही, आणि हा औषधाच्या रांगेत उभा राहतो. त्याला बोलायचं, तुझी गाडी चांगली नाही म्हणून?"

"बोलायचं! त्यात काय?"

"आणि गाडी दुरुस्तीला गेली म्हणजे? आपल्याला कोण नेणार? तू नेणार, तुझ्या फाटकावर बसवून?"

आन्सेल्मो पुन्हा पुढे वळून बसला. तोही याच गोष्टीला घाबरत होता. एकाच भीतीने तिघांची तोंडे बंद होती, आणि तिघे एकमेकांना ती सांगत नव्हते. मला सगळे ऐकू येत होते. बोलता येत नव्हते.

मग तो ऑगस्टमधला शनिवार आला. सकाळपासून आकाश पितळेच्या ताटासारखे होते. रेडिओवर सारखे सांगत होते, म्हाताऱ्यांनी बाहेर पडू नये. पण ज्यांना बाहेर पडल्यावाचून जगताच येत नाही, त्यांनी काय करावे, हे रेडिओ सांगत नव्हता.

दुपारी दोघे केंद्रातून बाहेर आले. उपचारानंतर मावशीचा रक्तदाब नेहमीच उतरे. त्या दिवशी तिला थोडा जास्त वेळ बसवून ठेवले होते. रक्तदाब जागेवर आल्यावरच सोडले. फिर्मिनोने तिला मागे बसवले, पायांखाली पिशवी सरकवली.

"पाणी घेता का घोटभर?"

"सकाळी घेतलं. आता घरी गेल्यावर." डायलिसिसच्या माणसाला पाणीही मोजूनमापून प्यावे लागते. आन्सेल्मो बर्फाचा खडा चोखत होता. तोही त्याच्या दिवसाच्या हिशेबातला.

अर्धा रस्ता झाला आणि पुढे धूर दिसला. कोरड्या गवताला आग लागली होती आणि ती रस्त्याच्या कडेने पसरत चालली होती. गाड्यांची रांग थांबली. आमच्या मुलखात कधी न लागणारी रांग. आमच्या मागेही लगेच एक ट्रक येऊन उभा राहिला, त्याच्यामागे आणखी गाड्या. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूने बंबांना जायला मोकळी ठेवलेली वाट. वळायला जागा नव्हती.

एक पोलीस धावत रांगेतून गेला. प्रत्येक काचेवर थाप मारून सांगत होता, "काचा बंद ठेवा. धूर आत घेऊ नका. वारा फिरला की सोडतो."

फिर्मिनोने काचा लावल्या आणि एसीचा खटका शेवटपर्यंत फिरवला.

मी प्रयत्न केला, मित्रांनो. पण माझ्यात गॅस थोडा, जाळी भुशाने बुजलेली, पंखा मेलेला. उभ्या गाडीच्या जाळीला वारा कुठून मिळणार? दाब वाढत गेला आणि कॉम्प्रेसर आपोआप थांबला. फुटू नये म्हणून तो असा थांबतोच. मग झरोक्यांतून आली ती माझ्या स्वतःच्या इंजिनाची धग.

"फिर्मिनो, ही हवा आहे की कुणी तोंडावर श्वास सोडतंय?" आन्सेल्मो म्हणाला.

"गाडी हलली की गार होईल."

"आणि गाडी कधी हलणार?"

फिर्मिनोने खटका बंद केला, पुन्हा लावला. जणू दुसऱ्यांदा लावल्यावर मी काही वेगळे करणार होते.

"मावशी, बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?" मागून आवाज आला, पण नेहमीपेक्षा खालचा. "तुम्ही पुरुष मंडळीच मेणाची."

आन्सेल्मो एकदम हसला. फिर्मिनोही हसला. ते तिघांचे शेवटचे हसणे.

काही वेळाने मावशीने विचारले, "पाव काढले का?"

"काय म्हणालीस?" आन्सेल्मो वळला.

"करपतील ना. दार लावा कोणीतरी भट्टीचं. धग येतेय."

तिचा चेहरा लाल झाला होता आणि कपाळावरचा घाम कुठेच नव्हता. त्वचा कोरडी पडली होती. आन्सेल्मोने ते पाहिले. त्याने बाटलीतले पाणी तिच्या तोंडाला लावले, पण ते हनुवटीवरून खाली गेले.

"फिर्मिनो, पुढच्या गाडीला विचार. त्यांची गार आहे. ती बाई बघ, शाल पांघरून बसलीय."

खरेच होते. समोरच्या गाडीच्या मागच्या काचेतून एक तरुण बाई दिसत होती. अंगावर पातळ शाल, कुशीत झोपलेले मूल. आमच्यात आणि त्यांच्यात मोजून दोन हात अंतर.

फिर्मिनोने दाराच्या खटक्यावर हात ठेवला. आणि ठेवून बसला.

"अनोळखी माणसं आहेत," तो म्हणाला. "काय सांगू? माझ्या टॅक्सीत..." वाक्य त्याला पुरे करता आले नाही. "सोडतीलच आता. बघ, धूर कमी होतोय."

धूर कमी होत नव्हता.

त्याच्या मनात काय चालले होते ते मला ठाऊक आहे, कारण त्याचे हात माझ्या स्टिअरिंगच्या चाकावर होते. ज्या गाडीतल्या गारव्याचे गाव कौतुक करी, ती आज आपल्या माणसाला शिजवते आहे, हे परक्याच्या काचेवर टकटक करून सांगायचे! त्याची जीभ उचलत नव्हती. तो वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला थोडा वेळ हवा होता, आणि तो वेळ त्याचा नव्हता.

शेवटी आन्सेल्मोनेच दार उघडले. नुकत्याच सुया काढलेल्या हाताला पट्टी, दुसऱ्या हातात काठी. धुरात खोकत तो गेला आणि समोरच्या काचेवर काठीने ठोकले.

त्या बाईने काच खाली केली, दोन शब्द ऐकले आणि पुढचे ऐकलेच नाही. "आणा, आणा त्यांना!" म्हणत तिने झोपलेले मूल पुढे बसलेल्या नवऱ्याच्या मांडीवर टाकले आणि स्वतः उतरून जागा केली. इतके सोपे होते ते. विचारले असते, तर केव्हाच झाले असते.

फिर्मिनोने मावशीला दोन्ही हातांनी उचलले. पिठाचे पोते उचलावे तसे नाही, लेकराला उचलावे तसे. त्या गाडीचे दार उघडे होते आणि मी तिच्या अगदी मागे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. त्यांनी तिला आत टेकवले. गार हवा तिच्या तोंडावर आली आणि तिने डोळे उघडले.

"आहाहा," ती म्हणाली. "किती गार आहे गं इथं." मग जरा थांबून, लहान मुलीच्या स्वरात, "बंद नका करू हं."

फिर्मिनो दाराशी वाकून उभा होता.

मावशी त्यानंतर काही बोलली नाही. पोलिसाने बोलावलेली रुग्णवाहिका आगीच्या पलीकडच्या बाजूने निघाली होती. ती वाट काढत पोहोचली, तेव्हा करण्यासारखे काही राहिले नव्हते. त्या अनोळखी बाईने आपली शाल तिच्यावर घातली आणि ती परत मागितली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेले होते, आजार जुना, त्यात ऊन. कारण एकच असे सांगता येणार नाही. गावात कुणी फिर्मिनोला दोष दिला नाही. लिओनेल तेवढा दफनानंतर घरी येऊन म्हणाला, "माणसाची वेळ भरली की निमित्त काहीही होतं, दाजी." एर्सिलियाने हातातली ताटली जोरात खाली ठेवली. "लिओनेल, ऊठ. आज माझ्या घरात जेवू नकोस." तो उठून गेला. नवऱ्याला मात्र ती काहीच बोलली नाही. त्यानेच तो जास्त खचला.

दुसऱ्या आठवड्यात मला शहरातल्या गॅरेजमध्ये न्यायचे ठरले. मंगळवारच्या खेपेचे काय, म्हणून फिर्मिनोने पलीकडच्या गावच्या टॅक्सीवाल्याला फोन केला. माझ्यातच बसून केला.

"आन्सेल्मोला ना? नेतो की," तिकडून आवाज आला. "माझ्या वाटेवरच आहे तुमचं गाव. आधी का नाही सांगितलंस रे?"

फिर्मिनोने फोन ठेवला आणि कपाळ माझ्या चाकाला टेकवून बसला. दोन उन्हाळे जे जमणारच नव्हते, ते एका फोनने जमले होते.

गॅरेजमध्ये ओदेते नावाची बाई होती. बोलकी आणि हसरी. तिला आमच्याविषयी काही माहीत नव्हते. "अरे देवा, अर्धं शेत घेऊन हिंडता की तुम्ही!" जाळीतला भुसा पाण्याने काढताना ती म्हणाली. फिल्टर काढला तर तो राखाडी वाकळेसारखा. "आणि गॅस किती वेळा भरलात? तो काही पेट्रोल नाही, खर्च व्हायला. कमी झाला म्हणजे कुठून तरी जातोय. हे बघा, या सांध्यातून. आणि पंखा तर कधीचा गेलाय. गाडी उभी राहिली की उकडत नव्हतं का आत?"

"उकडत होतं," फिर्मिनो म्हणाला.

ती पुढे काही विचारणार होती. त्याच्याकडे पाहून ती पुन्हा कामाला लागली.

रबर नवे आले, फिल्टर आणि पंखा बदलला, गॅस भरला. ओदेते म्हणाली, "चला, एक चक्कर मारून बघू. चालवा."

"तुम्ही चालवा," फिर्मिनो म्हणाला. "मी मागे बसतो."

इतक्या वर्षांत माझ्या मागच्या सीटवर तो कधी बसलाच नव्हता. तो मावशीच्या जागी बसला. त्याचे गुडघे पुढच्या सीटला लागत होते. ओदेतेने मला उन्हात नेले आणि मुद्दाम उभे केले. पुढे तिचे केस गार वाऱ्याने उडू लागले. मागे मात्र गारवा उशिरा आला, आणि आला तोही अंगाला लागेल न लागेल इतकाच.

"एवढाच येतो इथं?" त्याने विचारले. "सगळं नवं करूनही?"

"मागे नेहमीच कमी येतो, साहेब. पुढच्यांना लागून उरेल तेवढा. पुढे बसणाऱ्याला कळत नाही ते."

मी आरशात त्याला पाहत होते. तो रडला नाही. त्याने हात पुढे करून दोन सीटांच्या मधोमध धरला, जिथून तो थोडासा गारवा येत होता, आणि ओदेते मला वळवीपर्यंत तसाच धरून ठेवला.

आता मी आन्सेल्मोला नेते. तो अजूनही पुढेच बसतो, पण भांडत नाही. भांडायला मागे कोणी नाही. तो कधी म्हणाला, "बंद कर रे, गार लागतंय," तर फिर्मिनो लगेच ऐकत नाही. रस्त्याच्या कडेला मला थांबवतो, त्याच्या हाताला हात लावून पाहतो, खरेच थंड लागला तरच खटका फिरवतो. आन्सेल्मो तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहत राहतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या गाडीची हवा मंदावली, तर तिला नुसते पाजून विसरू नका. तिच्या नाकापुढचा भुसा काढा, तिचा फिल्टर पाहा, पंखा फिरतो का पाहा, गळते कुठे ते शोधा. ही कामे अवघड नाहीत. अवघड आहे ते दुसरे. तुम्ही ज्यांना नेता, ती माणसे तुमच्यावर अवलंबून असतात, आणि अवलंबून असलेले माणूस खरे सांगत नाही. ते म्हणते, मला काही होत नाही. त्याच्या शब्दावर राहू नका. गाडी थांबवा, उतरा, मागचे दार उघडा आणि थोडा वेळ त्याच्या शेजारी जाऊन बसा.